परस नसलेल्यांची परसबाग

सप्टेंबर आला की आमच्या वस्तीत पोषण महिना येतो. अंगणवाडीच्या भिंतीवर रंगीत तक्ता लागतो, भाज्यांची रांगोळी निघते आणि कुणीतरी पाहुणे येऊन बायांना सांगतात : घरोघरी परसबाग करा, ताजी भाजी खा, अंगात रक्त वाढवा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमात भाषण संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मावशींनी हात वर केला. चार घरची धुणीभांडी उरकून त्या तशाच आल्या होत्या. म्हणाल्या, "बाग करू की. पण परस कुठाय?"

सगळ्या हसल्या. पाहुण्यांनीही हसून वेळ मारून नेली. मला मात्र तो प्रश्न घरापर्यंत पुरला. मावशींची खोली दहा बाय बाराची. दारापुढं गटार, गटारापुढं तीन फुटांची वाट, वाटेवर सिमेंटचा कोबा. माती नावाला नाही. आणि मावळातल्या ज्या गावांत आमचे बचत गट आहेत तिथं माती भरपूर आहे, पण सातबारा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नाहीतर भावाच्या नावावर. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांमध्ये बायांचं प्रमाण जेमतेम १४ टक्के आहे. शेतात राबणाऱ्या बाया मोजायला गेलं तर चित्र उलटं दिसतं. गावाकडच्या कामकरी बायांपैकी चारातल्या तिघी शेतीतच आहेत. परसबागेचा सल्ला द्यायला सोपा आहे. तो देताना आपण गृहीत धरतो की बाईकडे परस आहे, पाणी आहे आणि वेळ आहे.

मैत्रिणींनो, हा लेख पेंढ्याच्या गठ्ठ्यात भाजी पिकवण्याबद्दल आहे. पण तो या गृहीत धरण्याबद्दलही आहे.

आमच्या गटातल्या दोघी आंब्याच्या हंगामात फळबाजारात कामाला जातात. हापूसच्या पेट्यांत आंब्याभोवती भाताचा पेंढा घातलेला असतो. पेटी उघडली, आंबे निवडले की तो पेंढा ढिगानं कचऱ्यात जातो. त्यातली एक जण शेळीसाठी रोज गोणीभर घेऊन यायची. तिच्या दारातला तो पेंढा बघून मला वाचलेली एक गोष्ट आठवली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात जोएल कार्स्टन नावाचा माणूस दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात वाढला. गोठ्याशेजारी भिजून कुजलेल्या गठ्ठ्यांवर रान माजलेलं त्यानं लहानपणी पाहिलं होतं. पुढं स्वतःच्या घराभोवतीची माती भिकार निघाली तेव्हा त्यानं गठ्ठ्यातच भाजी लावली. २०१३ साली त्याचं पुस्तक आलं आणि ही पद्धत जगभर गेली. त्याच्याही आधी इंग्लंडमधले काचघरवाले मातीतल्या रोगांना कंटाळून काडाच्या गठ्ठ्यांवर काकडी-टोमॅटो घेत असत.

आपल्याकडेही ही वाट अगदीच अनोळखी नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं पालापाचोळ्यापासून माती कशी करायची हे शिकवलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर पिंपांत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत उसाची चिपाडं भरून, वर जेमतेम मातीचा थर देऊन भाज्या काढल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. या सगळ्यांना निदान गच्ची होती. आमच्या वस्तीतल्या घरांवर पत्रा आहे, तोही विटा ठेवून दाबलेला. म्हणून आम्ही दारातला गठ्ठा करून पाहिला.

कृती सांगते, कारण गटांना ती लागेल. पेंढा कोरडा असतानाच दाबून बांधायचा. मशीननं बांधलेला गठ्ठा मिळाला तर उत्तम. नाहीतर फळांचं मोठं लाकडी खोकं घ्यायचं, तळाशी सुतळीचे तीन लांब पदर आडवे टाकायचे, वर पेंढा भरत पायानं तुडवायचा आणि सुतळ्या ओढून गच्च गाठी मारायच्या. लांबी साधारण तीन फूट, रुंदी-उंची दीड-दीड फूट. पेंढा भरताना नाकातोंडाला पदर बांधा, धुळीनं दम लागतो. गठ्ठा जिथं ठेवायचा तिथंच ठेवून मग भिजवा. पहिले तीन दिवस आतपर्यंत पाणी मुरलं पाहिजे. नुसत्या पेंढ्यात नत्र फार कमी असतं. तसंच रोप लावलं तर पेंढा कुजवणारे जिवाणूच सगळं नत्र खाऊन टाकतात आणि रोप पिवळं पडतं. म्हणून पुढचा आठवडाभर दहापट पाण्यात कालवलेलं गोमूत्र किंवा शेणकाला रोज घालायचा. वस्तीत शेण मिळत नाही, तिथं मूठभर युरिया थोडा थोडा करून पाण्यातून दिला तरी चालतो.

मग गठ्ठा तापायला लागतो. आत हात घातला तर चटका बसावा इतका. घाबरायचं नाही, आत कुजण्याचं काम चालू असतं. बारा-पंधरा दिवसांनी हाताला नुसती ऊब लागू लागली की लावणीची वेळ झाली. खुरप्यानं भोक पाडायचं, ओंजळभर खतमाती घालायची, रोप बसवायचं. एका गठ्ठ्यात टोमॅटोची दोन नाहीतर मिरचीची तीन-चार रोपं. मेथी-पालकाला वर दोन बोटं खतमाती पसरावी लागते. पेंढ्याच्या शेतात तणनाशक मारलेलं असेल तर भाजी वेडीवाकडी येते. म्हणून आधी घेवड्याचे चार दाणे टोचून बघा. पानं सरळ आली तर पुढं जा. वर छत्र्या उगवतील, त्या खायच्या नाहीत. आणि एक गोष्ट ठासून सांगते : कोरडा पेंढा चुलीजवळ, बोळात, विजेच्या तारांखाली साठवू नका. वस्तीत आग लागली तर बंब आत येत नाही, हे आपण पाहिलेलं आहे.

पहिल्या वर्षी अकरा जणींनी गठ्ठे बांधले. पावसाळाभर सात टिकले. दोन गठ्ठे शेळ्यांनी खाल्ले, दोन जणींच्या दारात ऊनच पोचत नव्हतं. उरलेल्यांना मिरची चांगली आली, वांगी बरी आली, टोमॅटो एका वळवाच्या माऱ्यात झोपले. एका गठ्ठ्यावर घर चालत नाही. पण कढीपत्ता-मिरची-माठाचे दहा-वीस रुपये वाचले, आणि मुख्य म्हणजे बायांना ते आवडलं. संध्याकाळी कामावरून आल्यावर त्या गठ्ठ्याशी दोन मिनिटं उभ्या राहायच्या. हे मी हिशेबात धरते. बाईला स्वतःच्या हौसेचं असं घरात काय असतं?

आता दुसरी बाजू.

गठ्ठ्याला सुरुवातीला रोज दोन बादल्या पाणी लागतं. आमच्या वस्तीत नळ सकाळी तासभर येतो. पाचला उठणारी बाई बागेसाठी साडेचारला उठू लागली. देशात बायका घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८, असं २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं. परसबाग या २८९ मध्येच मिळवली जाते. पोषणाच्या कार्यक्रमाला पुरुषांना बोलावलंय असं मी क्वचितच पाहिलं. त्या अकरा घरांपैकी एका घरात मुलगा बादली उचलायचा. एकाच.

मग ताटाचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं (२०१९-२१) सांगितलं की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायांना ॲनिमिया आहे. म्हणजे दोघींत एकीहून जास्त. भाजी खावी हे खरंच, वर लिंबू पिळावं, जेवणाबरोबर चहा घेऊ नये, हेही सांगावं. पण नुसत्या पालक-माठानं हा आजार जात नाही. लोहाच्या गोळ्या, जंताचं औषध, पाळीत जास्त रक्त जात असेल तर त्यावर उपचार, हे सगळं लागतं. आणि त्याही आधी ती भाजी बाईच्या ताटात पडावी लागते. मी विचारलं, "पहिली वांगी कुणी खाल्ली?" एकजात उत्तर आलं, "पोरांनी, ह्यांनी." "आणि तुम्ही?" "मी रस्सा घेतला की." दारात पिकलेल्या वांग्यालाही घरातल्या उतरंडीतूनच जावं लागतं.

तिसरी गोष्ट जागेची. एका खोलीमालकानं ऑगस्टमध्ये येऊन सांगितलं, दारातलं हे लचांड काढा. गठ्ठ्याची बाग कुठंही हलवता येते असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. ते फक्त कोरड्या गठ्ठ्याला लागू आहे. पाणी प्यायलेला गठ्ठा आम्ही चौघींनी मिळून उचलायला घेतला तर तसूभर हलला नाही, वर सुतळी तुटायला आली. मालक वैतागून गेला. दिवाळीपर्यंत गठ्ठा आपोआप खचला, त्याचं खत झालं. पण भाडेकरूच्या दारापुढचा हातभर तुकडाही तिचा नसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

याचा खरा अर्थ मला कळला तो मावळात. आमच्या तिथल्या गटात एक परित्यक्ता बाई आहे. नवऱ्यानं टाकून बारा वर्षं झाली, माहेरी भावाकडे राहते. भाताची लावणी, बेणणी, कापणी, झोडणी सगळं करते. गठ्ठ्याचं ऐकून ती हरखली. पेंढा तर दारातच होता. पण तो भावाचा. दावणीला दोन म्हशी, त्यामुळं चांगल्या पेंढ्याला हात लावायचा नाही, हे तिचं तिलाच कळत होतं. तिनं उडवीच्या तळाचा, पावसानं काळा पडलेला, जनावरं तोंड लावत नाहीत असा पेंढा मागून घेतला आणि अंगणाच्या कडेला तीन गठ्ठे रचले. दोडका असा चढला की पडवीच्या आढ्याला भिडला. ती दोडके आठवड्याच्या बाजारात न्यायला लागली. हातात स्वतःचे पैसे खेळू लागले. दोन महिन्यांनी वहिनी म्हणाली, "आमच्या अंगणात तुझं दुकान नको." मग तिथं भाच्याची मोटरसायकल उभी राहू लागली.

बैठकीत ती हे सांगत होती तेव्हा मी विचारलं, "वडिलांच्या जमिनीत तुमचं नाव होतं ना?" म्हणाली, "होतं की. वडील गेले तेव्हा लागलं होतं. मग भावानं सांगितलं, सही कर. त्या साली भाऊबीजेला साडी चांगली घेतली त्यानं."

हक्कसोडपत्र. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा देणारी दुरुस्ती १९९४ साली झाली, साऱ्या देशात २००५ साली झाली, आणि वडील केव्हा वारले यावर हा हक्क अवलंबून नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. चळवळीनं यासाठी वर्षानुवर्षं घालवली. त्याच्याही आधी, १९८९ च्या सुमारास, शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढून गावोगावच्या पुरुषांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली होती. आणि इतकं सगळं झाल्यावर आपली बहीण तलाठ्याकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे जाऊन एका सहीनं ते सोडून येते. माहेर तुटू नये म्हणून. ज्या अंगणातून तिचे गठ्ठे उठवले गेले त्या अंगणात तिचा कायद्यानं वाटा होता. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी फिरवता येत नाही. आम्ही वकिलांना भेटलो आहोत. फार आशा देत नाहीत.

चळवळीतल्या काही मैत्रिणी मला म्हणतात, तू हे काय बागकाम घेऊन बसलीस? बाईला पुन्हा स्वयंपाकघरातच नेतेस. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. सरकारला आणि दाते संस्थांना असे कार्यक्रम आवडतात, कारण त्यात कुणाशी भांडावं लागत नाही. रोपं वाटायची, फोटो काढायचा, अहवाल पाठवायचा. २०२० मध्ये उमेद अभियानानं पोषण परसबागांची मोहीम काढली, त्यातून बायांनी कष्टानं बागा केल्याही. पण त्या बागांखालची जमीन कुणाच्या नावावर, हा रकाना मी आजवर एकाही अर्जात पाहिलेला नाही. गठ्ठ्याच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे. "आता जमीन नसली तरी चालतं" असं सांगण्याची सोय त्यात आहे. उद्या कुणी आपल्याला म्हणेल, जमिनीचं कशाला बोलता, गठ्ठा आहे ना!

तरीही मी गठ्ठा सोडायला तयार नाही. भाजीच्या निमित्तानं ज्या बाया हक्काच्या शिबिराला कधी आल्या नसत्या त्या आल्या. "कायदा शिका" म्हटलं की घरचे अडवतात, "मिरची लावायला चाललेय" म्हटलं की कुणी अडवत नाही. आणि पाणी, जागा, ताट, पैसा या चारही गोष्टी एका गठ्ठ्याभोवती इतक्या उघड्या पडतात की मला वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. बाया आपणहून बोलायला लागतात.

म्हणून आमच्या गटात आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या इतरांनीही करून पाहाव्यात असं मला वाटतं.

एक, गठ्ठा एकटीच्या दारात ठेवण्याऐवजी शक्यतो सार्वजनिक जागेत ठेवायचा : अंगणवाडीचं आवार, शाळेची भिंत, समाजमंदिराची बाजू. गावात त्यासाठी महिला ग्रामसभेत ठराव मांडायचा. ठराव झाला की कुणाच्या वहिनीला तो गठ्ठा उठवता येत नाही.

दोन, ज्या घरातला पुरुष पाण्याची पाळी घेईल त्याच घरात गठ्ठा. हे बोलून दाखवायला बायांना जड गेलं. पण यंदा चार घरांत पाळ्या लागल्या आहेत.

तीन, विकलेल्या भाजीचे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात. आणि पहिली तोडणी तिच्या ताटात. यावर हसू येतं, पण हा नियम आम्ही लिहून ठेवला आहे.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. गठ्ठा बांधण्याचं शिबिर अर्ध्या दिवसाचं असतं. उरलेला अर्धा दिवस सातबारा वाचायला. गठ्ठा तापून निवेपर्यंत बारा-पंधरा दिवस जातात. तेवढ्यात प्रत्येकीनं माहेरचा आणि सासरचा उतारा महाभूलेखवरून काढून आणायचा. त्यावर आपलं नाव आहे का, होतं का, केव्हा कमी झालं, कुठल्या फेरफारानं कमी झालं, ते मिळून वाचायचं. आणि ज्यांच्या सह्या अजून झालेल्या नाहीत त्यांनी एकमेकींना शब्द द्यायचा : गटात बोलल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. भाऊबीजेच्या आधी तर नाहीच.

मागच्या जूनमध्ये मावळातल्या शिबिराला बावीस जणी आल्या. उतारे आले तेव्हा नऊ जणींचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर अजून होतं. त्यातल्या पाच जणींना ते ठाऊकच नव्हतं. एक विशीतली मुलगी कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती. तिच्या शेजारी ती परित्यक्ता बाई होती. तिनं त्या मुलीला एवढंच सांगितलं, "साडी घेऊ नको."

आणि वस्तीतल्या मावशी? त्यांनी यंदा अंगणवाडीच्या भिंतीलगत दोन गठ्ठे बांधलेत. जागा अंगणवाडीची, पेंढा आंब्याच्या पेट्यांतला, पाण्याची पाळी नातवाची. पोषण महिन्याचे पाहुणे पुन्हा आले तर त्यांना तिथं उभं करून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा असं त्यांनी ठरवलंय. उत्तर मिळेपर्यंत दरवर्षी विचारणार म्हणतात.

तुमच्या गटानं असा काही प्रयोग केला असेल तर अंकाला जरूर कळवा. भाजी किती निघाली ते लिहा, आणि ती कुणाच्या जागेत पिकली तेही लिहा.